क्लेरोस: चिठ्ठी, सोडत, वतन की वाटा?

प्राचीन ग्रीकमधून मराठीत काही आणायला बसलात की ‘क्लेरोस’ आडवा येतोच. नशिबाचा कौल लावायची चिठ्ठी म्हणजे क्लेरोस, आणि बापाकडून आलेली जमीनही क्लेरोसच. सगळीकडे एकच मराठी शब्द चालवायचा मोह होईल, तो आवरा.

‘चिठ्ठी’ पटकन सुचते. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या सातव्या सर्गात ट्रॉयच्या हेक्टरशी कोणी लढायचं हे ठरवायला नऊ वीर आपापल्या क्लेरोसवर खूण करतात आणि आगामेम्नॉनच्या शिरस्त्राणात टाकतात. नेस्टर ते हलवतो, एक क्लेरोस उसळून बाहेर पडतो. भालदार तो एकेकाला दाखवत फिरतो. अजॅक्सला स्वतःची खूण ओळखू येते. नाव लिहिलेलं असतं तर भालदारानं वाचून हाकच मारली असती! म्हणून इथे ‘चिठ्ठी’ खटकते. घडी घातलेला कागद डोळ्यांपुढे येतो. मी ‘खुणेचा तुकडा’ म्हणेन.

अथेन्सच्या कारभारासाठी मात्र ‘सोडत’ चपखल. तिथल्या 500 जणांच्या सभेत दहा गणांतून प्रत्येकी 50 जण असेच निवडले जात. म्हाडाच्या घरांमुळे हा शब्द वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

जमिनीचा अर्थ आला की ‘वतन’ खुणावतं. मराठी बायबलमध्ये ते रुळलेलं आहे. पण आपल्याकडे वतनाबरोबर पाटीलकी-कुलकर्णीपण येतं, पिढीजात सेवा येते. टॉलेमी या ग्रीक राजघराण्याच्या इजिप्तमध्ये सैनिकी चाकरीच्या बदल्यात क्लेरोस मिळे, तिथे हा शब्द शोभतो. इ.स.पू. 427 मध्ये अथेन्सनं लेस्बॉस बेटावरची जमीन तोडून 3000 क्लेरोस पाडले, 300 देवांना ठेवले आणि उरलेल्यांवर सोडतीनं आपली माणसं नेमली. तिथे ‘वतन’ नको, ‘वाटा’ म्हणा.

माझा कौल बहुतेक ठिकाणी ‘वाटा’ या शब्दालाच आहे. भावाभावांत वाटणी होते तेव्हा तो जमिनीचा असतो, आणि ‘हे माझ्या वाट्याला आलं’ म्हणतो तेव्हा नशिबाचा. ‘ओडिसी’च्या चौदाव्या सर्गात ओडिसियस एक बनावट हकिगत सांगतो: क्रीटमधला श्रीमंत बाप मेल्यावर मुलं मालमत्तेचे भाग पाडतात आणि कोणता कुणाचा हे क्लेरोस टाकून ठरवतात. ग्रीकमधले दोन्ही अर्थ तिथे एका ओळीत भेटतात. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पहिल्याच अध्यायात मात्र एका शब्दावर भागत नाही. येशूचा शिष्य यहूदा याला सेवेत मिळाला होता तो ‘वाटा’, आणि त्याच्या जागी मथ्थियाला निवडताना टाकल्या त्या ‘चिठ्ठ्या’. ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्लेरोसच.

‘एपिक्लेरोस’ला मात्र ‘वारसदार मुलगी’ म्हणू नका. अथेन्समध्ये भाऊ नसलेली ही मुलगी बापाच्या क्लेरोसची मालकीण होत नसे. बापाकडचा सर्वांत जवळचा पुरुष नातलग तिच्याशी लग्नाचा हक्क सांगू शके, आणि मालमत्ता पुढे तिच्या मुलांकडे जाई. ‘वाट्याबरोबर जाणारी मुलगी’ हे ऐकायला टोचतं, पण तेच लिहा.