लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर? टायर न घासता गाडी बसवायची असेल तर

स्प्रिंगचे वेढे कापून गाडी बसवायची, म्हणजे खाली आणायची, नाही, इथपर्यंत आपलं एकमत आहे असं धरतो. प्रश्न त्यापुढचा आहे. माझ्या पोलोवर आधी दीड वर्ष लोअरिंग स्प्रिंग (मूळपेक्षा आखूड स्प्रिंग) होत्या, आता कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) आहेत.

स्प्रिंगचं चालणं मला आजही आवडतं. एकटा असलो की सोलापुरात होटगी रोडवरून सात रस्त्यापर्यंत गाडी घट्ट आणि शांत जायची. या स्प्रिंग गाडीच्या मूळ शॉकअपवरच बसतात, म्हणून खर्चही बेताचा. शॉकअपला मात्र ते फारसं मानवत नाही. दांडा कायम दबलेला राहतो आणि खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, लवकर टेकतो.

मला नडलं ते वेगळंच. तुळजापूरला निघालो की मागे आई, वडील, मावशी आणि डिकीत सामान. गतिरोधक आला की मागच्या चाकातून खर्रर्र. आवाज क्षणभराचा, पण पुढे पुढे आई प्रत्येक गतिरोधकाआधी माझी सीट घट्ट धरायला लागली. घाटात वळणावर तोच प्रकार. नवी गाडी घेतल्यासारखी हौसेनं बसवलेली गाडी, आणि आई जीव मुठीत धरून बसलेली. ते मला बघवेना.

घरी आल्यावर मडगार्डच्या आतल्या कडेला ओला खडू फासला आणि तिघांना मागे बसवून गल्लीतल्या गतिरोधकावरून गेलो. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर पांढरी रेघ उमटली. टायरच्या उंचीचा दोष नव्हता. माझा १९५/५५ आर १५ हा मूळच्या १८५/६० आर १५ पेक्षा साडेसात मिलिमीटरनं बुटकाच आहे. दोष रिमचा होता. ६ इंचीच्या जागी ७ इंची रिम घेतली, ऑफसेट (रिमची मधली रेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर) तोच ठेवला, तरी बाहेरची कड १२.७ मिलिमीटर बाहेर येते. खरेदीआधी हा हिशेब नक्की करा. ऑफसेट ५ ने वाढवला तर चाक तेवढंच मिलिमीटर आत जातं, पण मग आतली जागा मोजावी लागते. कडा दुमडून घ्या, असंही गॅरेजवाले सुचवतात. पत्रा नीट तापवल्याशिवाय दुमडला तर रंगाला तडे जातात आणि तिथूनच गंज धरतो. माझं मन धजलं नाही.

कॉइलओव्हरमध्ये उंची आपल्या हातात राहते. पोलोला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळे मागची उंची स्प्रिंगजवळ आट्यांवर फिरणाऱ्या रिंगवर ठरते. तुळजापूरच्या आदल्या संध्याकाळी जॅक लावून दोन्ही बाजू सारख्याच, साधारण दीड सेंटिमीटर वर घेतो. पाऊण तास जातो. पुढची उंची मात्र अशी सारखी बदलत नाही, कारण तिथे चाकांचे कोन, म्हणजे कॅम्बर आणि टो, हलतात आणि दर वेळी अलाइनमेंट करावी लागते.

त्रास नाही असं नाही. पैसे मला स्प्रिंगच्या जवळपास तिप्पट पडले आणि गाडी कडक झाली. शिवाय आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात शेताच्या रस्त्यानं गेलो आणि चिखल आट्यांत वाळला की रिंग जागची हलत नाही. म्हणून जूनआधी आटे ब्रशनं साफ करून अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावतो. हे करायचा कंटाळा असेल तर कॉइलओव्हर घेऊ नका.

गाडीत बहुतेक वेळा दोघंच असतील आणि रिम मूळचीच असेल, तर गाडी २५-३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगवर तुमचं छान भागेल असं मला वाटतं. घरची माणसं मागे बसणार असतील तर मी कॉइलओव्हरच घेईन. परवा घाट उतरताना आई मागे झोपली होती.

दुकानात गेलात की गाडी किती खाली जाते हे तो स्वतःहूनच सांगेल. तुम्ही किती वर येते ते विचारा.