कथक करणाऱ्यांसाठी थेराबँड, नक्की घ्या

माझ्याकडे कथक शिकायला येणाऱ्या मोठ्या मुलींना मी हल्ली थेराबँड घ्यायलाच लावते. व्यायामाचा दीड मीटरचा साधा रबरी पट्टा, पण कामाचा आहे हो.

आपल्याकडे रियाज म्हणजे तत्कार (पाय आपटून बोल काढणं), दुगुन चौगुन (दुप्पट, चौपट लयीत), जितका जास्त तितका चांगला. अनवाणी पाय, खाली कडक फरशी आणि एकेका पायात शंभर घुंगरू, हे सगळं झेलणाऱ्या घोट्याची ताकद वेगळी वाढवायला लागते हे क्लासमध्ये फार कमी वेळा सांगितलं जातं, दुखलं की बाम चोळायचा आणि परत उभं राहायचं. चक्कर घेताना तोल गेला की पाऊल आत मुडपतं, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले जातात, आणि एकदा असं झालं की तोच पाय परत मुरगळायची भीती जास्त. पाऊल आत वळताना सावरणारे स्नायू नडगीच्या बाहेरच्या बाजूला असतात, त्यांच्यासाठी हा पट्टा मस्त.

पट्टा पलंगाच्या पायाला बांधायचा, लूप पावलाच्या पुढच्या भागात अडकवायचा, टाच टेकलेली, गुडघा अजिबात हलवायचा नाही, फक्त पाऊल बाहेर न्यायचं आणि हळूहळू परत आणायचं. दहा-बारा वेळा, तीन सेट. हळू परत आणणं सगळ्यात महत्त्वाचं, मुली तिथेच पाय सोडून देतात आणि मग निम्मा फायदा गेला. सोबत एका पायावर उभं राहून टाचा उचलायच्या, पोटरीसाठी, ते पट्ट्याने भागत नाही.

रंग बघून घ्या, थेराबँड कंपनीच्या पट्ट्यांत पिवळा हलका, मग लाल, हिरवा, निळा, काळा असं जड होत जातं. सुरुवात लालने करा, लहान मुलींना पिवळा बास. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे असू शकतात हां. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर बिनलेटेक्सचा मिळतो तो घ्या. उन्हात ठेवू नका, अंगठ्या काढून ठेवा, आणि बारीकशी चीर दिसली तरी सरळ फेकून द्या कारण ताणलेला पट्टा तुटला तर डोळ्याला लागू शकतो. मी एकदा बाजारातून स्वस्तातला बिननावाचा आणला होता, तो थोड्याच दिवसात गाठीपाशी फाटला, म्हणून चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पाय सुजलेला असेल, वजनच टाकता येत नसेल तर मात्र पट्टा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा, कार्यक्रम तोंडावर असला तरी.