बिनोदबिहारी की रामकिंकर : एकच माहितीपट दाखवायचा असेल तर

चित्रकलेच्या मुलांना शांतिनिकेतनचं काहीतरी दाखवू या, असं ठरलं की दोन नावं हमखास पुढे येतात. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींवरचा, सत्यजित राय यांचा १९७२ चा माहितीपट ‘द इनर आय’ आणि शिल्पकार रामकिंकर बैज यांच्यावरचा, ऋत्विक घटक यांचा १९७५ मध्ये चित्रित झालेला, अपुराच राहिलेला ‘रामकिंकर’. समोर तीसेक मुलं आणि त्यांना शेवटची एसटी गाठायची, म्हणजे दोन्ही दाखवायला वेळ नाही. माझ्यावर ही वेळ दोनदा आली. पहिल्या वर्षी मी राय निवडले, दुसऱ्या वर्षी घटक.

‘द इनर आय’ विसेक मिनिटांचा आहे आणि त्यात एक क्षणही वाया गेलेला नाही. राय शांतिनिकेतनच्या कलाशाळेत, कलाभवनात, बिनोदबिहारींकडे शिकलेले, त्यामुळे सगळा माहितीपट शिष्यानं गुरूसमोर नीट मांडी घालून बसावं तसा आहे. बिनोदबिहारींच्या एका डोळ्याला जन्मापासून दिसत नव्हतं, दुसऱ्याची नजर अधू. १९५६-५७ च्या सुमारास शस्त्रक्रिया फसली आणि तीही गेली. तरी त्यांचं काम थांबलं नाही. हे सांगताना राय कुठेही गळा काढत नाहीत. शांतिनिकेतनातल्या हिंदी भवनात त्यांनी काढलेलं मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र कॅमेरा ज्या संथपणे वाचत जातो, तसं ते प्रत्यक्ष भिंतीसमोर उभं राहूनही आपल्याला वाचता येईल की नाही, मला शंका आहे. शेवटी निखिल बॅनर्जींची सतार आहेच. भित्तिचित्र हाच तुमचा विषय असेल, तर पुढचं न वाचता हाच घ्या.

माझं अडलं ते निवेदनापाशी. ते इंग्रजीत आहे, खुद्द राय यांच्या आवाजात. आवाज सुरेखच आहे, पण आमच्या मुलांना ते इंग्रजी झेपेना, म्हणून मी शेजारी उभा राहून मराठीत सांगू लागलो. हिंदी भवनाची भिंत आली तेव्हा सहज वळून पाहिलं, तर निम्मी मुलं पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. दृष्टी गेलेल्या चित्रकाराची ती भिंत, आणि डोळे असलेली मुलं ती बघत नव्हती. ते मला फार लागलं. मी गप्प झालो, तर मग मुलांना कळेना की हे संत कोण आणि ही भिंत कुणाची. आवाज बंद करून दाखवावा, तर सतारही जाते. यावर दुसऱ्या कुणी वाट काढली असेल, मला काही ती सापडली नाही.

‘रामकिंकर’ही मराठी नाहीच, बंगाली आहे. शिवाय मला मिळालेली प्रत ओरखड्यांची, आवाज वरखाली होणारा. काही जागी धागा तुटतो. फेब्रुवारी १९७६ मध्ये घटक गेले आणि काम तिथंच राहिलं. आज आपण बघतो ते नंतर जुळवलेलं आहे. कवितेपासून लेखनाला सुरुवात केलेला हा माणूस, १९६५-६६ च्या सुमारास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा उपप्राचार्य होता. इथे मात्र तो मास्तर म्हणून येत नाही. रामकिंकर बैज यांच्याशी ओसरीवर बसून गप्पा माराव्यात तसा प्रश्न विचारतो आणि त्यांना बोलू देतो.

एका ठिकाणी घराच्या गळक्या छपराचा विषय निघतो. पावसात गळतं, छप्पर शाकारायला पैसे नाहीत, म्हणून रामकिंकरांनी स्वतःची तैलचित्रंच त्या जागी लावलेली. तैलरंग, पाण्यानं काय होणार! हे ते इतक्या सहज सांगतात, की ऐकणाऱ्यालाच कसंतरी होतं. मी त्या वर्षी एक अक्षर बोललो नव्हतो. पण चित्रासाठीचा बंगाली ‘छबी’ हा शब्द मुलांच्या ओळखीचा होता, बाकी त्यांचे हात आणि वर गेलेली नजर सांगत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी हलकेच शेजारणीला म्हणाली, “अगं, छपराला चित्रं लावलीत.” मग सगळ्या खोलीला कळलं.

आता भाषा हा तुमच्या मुलांचा प्रश्नच नसेल, तर कदाचित तुमचा कौल वेगळा पडेल, आणि तो चूक म्हणणार नाही मी. रेखीवपणात राय पुढे आहेत, यात वाद नाही. पण मला पुन्हा एकच संध्याकाळ मिळाली तर मी ‘रामकिंकर’च लावीन.

लावणार असाल तर आधी एक करा. ‘संथाल कुटुंब’ या १९३८ च्या शिल्पाचा मोठा फोटो दिवसभर फळ्याशेजारी लावून ठेवा. सिमेंट आणि मुरुमाच्या खड्यांतून उभं केलेलं, उघड्यावर ऊनपाऊस झेललेलं ते काम मुलांनी येताजाता बघितलेलं असलं, की संध्याकाळी पडद्यावर त्यांना माणूस लगेच ओळखीचा वाटतो. आणि आवाजासाठी चांगला स्पीकर मागून आणा; लॅपटॉपच्या आवाजावर रामकिंकरांचं हसू ऐकू येत नाही.