बोरिक पावडर आणि साखरपाणी: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

नेरुळच्या जुन्या सिडको बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांना मुंग्यांबद्दल वेगळं सांगायला नको. आपल्याकडे थंडी अशी पडतच नाही, त्यामुळे त्या बाराही महिने असतात. उन्हाळ्यात सिंकपाशी पाण्याला येतात आणि जूनमध्ये जमिनीत पाणी भरलं की भिंतीतून वर चढतात. आमच्याकडे पाडव्यापासून बोरिक पावडर आणि साखरपाण्याचा उपाय चालू आहे. यंदा दिवाळीचा फराळ परातीत पाणी न घालता ओट्यावर राहिला, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी आपल्याकडची मुंगी कोणती ते बघा. आमच्याकडची अगदी बारीक, जेमतेम दीड मिलिमीटर. डोकं काळपट, पोट आणि पाय इतके फिक्कट की पांढऱ्या टाइलवर नुसते काळे ठिपके पळताना दिसतात. चिरडली तर खवट खोबऱ्यासारखा वास येतो. ही घोस्ट अँट. हिच्या एका वसाहतीत राण्या अनेक असतात आणि घरटं स्विचबोर्डात, दाराच्या चौकटीत, टाइलमागे, कुठेही असू शकतं. स्प्रे मारला की समोरची रांग मरते, पण उरलेली वसाहत फुटून दोन-तीन ठिकाणी नवा संसार थाटते. फवारणी करून घेतल्यावर किचनमधल्या मुंग्या बेडरूममध्ये निघतात, त्या अशा. खडूची रेघ त्या वळसा घालून टाळतात. साखरेच्या डब्यात लवंग टाकून फार तर तो डबा वाचतो.

बोरिकचं बलस्थान हे की ते सावकाश मारतं. मुंगी साखरपाणी पोटातल्या पिशवीत भरून नेते आणि घरट्यात तोंडातून तोंडात इतरांना भरवते. तसंच ते अळ्यांपर्यंत आणि राणीपर्यंत पोचतं. ती वाटेतच मेली तर सगळं फुकट. म्हणून प्रमाण १ टक्का: २०० मिली कोमट पाण्यात २ ग्रॅम बोरिक, म्हणजे साधारण अर्धा सपाट चहाचा चमचा, आणि २० ग्रॅम साखर. "थोडं जास्त घातलं तर लवकर जातील" असं सगळेच म्हणतात. तसं होत नाही. कडक मिश्रणाला त्या तोंड लावत नाहीत, लावलं तर घरट्यापर्यंत पोचत नाहीत.

बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा भिजवून रांगेच्या कडेला ठेवायचा. थोड्याच वेळात बोळ्याभोवती मुंग्यांचं कडं होतं, डोकी आत, पोटं बाहेर, आणि पिता पिता पोट टम्म फुगून काचेसारखं दिसायला लागतं. पहिले एक-दोन दिवस रांग आधीपेक्षा जाड होते. इथेच घरातल्यांचा धीर सुटतो. आमच्या सासूबाई फडकं घेऊन उभ्याच होत्या. पण ती रांग पुसायची नाही, आसपास फिनेल किंवा स्प्रे मारायचा नाही. आणि बाकीचा ओटा मात्र कोरडा, खरकटं अजिबात नाही, नाहीतर त्या बोळ्याकडे कशाला येतील?

गर्दी आठवडाभरात ओसरली, पण पूर्ण जायला काही आठवडे लागले. उकाड्यात साखरपाणी आंबतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ताजं ठेवावं लागतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या परत आल्या, परत बोळे ठेवले, या वेळी लवकर आटोपलं. एकदाच करून मोकळं व्हायचं असेल त्यांच्यासाठी हा उपाय नाही.

घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर उघडं झाकण ठेवूच नका, बोरिक पोटात गेलं तर विषारी आहे. घट्ट झाकणाच्या डबीला बारीक भोकं पाडून ती सिंकखाली सरकवा, बाटलीवर ठळक नाव लिहा. पावडर मेडिकलमधूनच घ्या. कॅरमची पावडर म्हणून मिळते ती बोरिकच असेल असं नाही.

एवढं करूनही बाल्कनीतली रांग हटेना. तिचं कारण जास्वंदीवर होतं. पानांच्या बेचक्यात पांढरे कापसासारखे पिठ्या ढेकूण बसले होते. ते गोड चिकट द्रव सोडतात आणि मुंग्या त्यासाठी त्यांची राखण करतात. साबणाच्या पाण्यात थोडं कडुनिंबाचं तेल घालून पानांची खालची बाजू दर आठवड्याला धुतली, ढेकूण गेले आणि रांगही गेली. कुंड्या असतील तर बोळा ठेवण्याआधी झाडं तपासा.