नॉब पुलर: एक पावसाळा काढल्यानंतर

जुन्या रेडिओचे नॉब, म्हणजे फिरवायची बटणं, उपसून काढायचं हे हत्यार मे महिन्यात घेतलं तेव्हा खूष होतो. पुलरचे पाय पॅनेलवर टेकवायचे, पंजे नॉबमागे घालायचे, वरचा स्क्रू फिरवायचा, नॉब वर येतो. पण त्या पायांना लावलेल्या रबरी टोप्या! श्रावण संपेतो चिकट झाल्या आणि गणपतीत एका मर्फी रेडिओच्या पॉलिशवर दोन काळी वर्तुळं उमटवून गेल्या. सहाशे रुपये मोजल्यावर धड रबरसुद्धा मिळू नये? विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘झिजणाऱ्या भागांना वॉरंटी नाही.’ झिजलं कुठे, वितळलं!

रत्नागिरीकरांना सांगायला नको, खारा वारा कशालाच सोडत नाही. नॉबच्या आतली पितळी नळी (बुश) कळकते, नॉब आवळणारा बिनडोक्याचा पोलादी ग्रब स्क्रू गंजून शाफ्टला, म्हणजे नॉब बसतो त्या दांडीला, धरून बसतो. चाकरमानी गणपतीला येतात, आजोबांचा रेडिओ माळ्यावरून काढतात आणि माझ्याकडे आणून ठेवतात. आवाजाचं बटण हटून बसलेलं असतंच.

पुलर लावण्याआधी ग्रब स्क्रू शोधा. कित्येक जुन्या सेटमध्ये त्याचं भोक मेणाने बुजवलेलं असतं, वरून पत्ता लागत नाही. ते मेण उगाच नाही भरलेलं. दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या एसी-डीसी सेटची चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट घरच्या विजेला जोडलेली, स्क्रूला बोट लागलं तर शॉक बसायचा. तेव्हा आधी विजेची पिन काढा, मेण टाचणीने उकरा, आणि काम झालं की पुन्हा भरा. स्क्रू सैल न करता पुलर आवळला तर नॉबच्या बेकेलाइटच्या (जुन्या कडक प्लास्टिकच्या) दोन फाका होतील. स्क्रू नसलाच तर नॉब आतल्या स्प्रिंगपट्टीवर बसलेला असतो, तो नुसता सरळ ओढायचा.

त्यासाठी पुलरही लागत नाही. पायजम्याची नाडी नॉबमागून फिरवून दोन्ही टोकं ओढा. घरात एकच रेडिओ असेल तर नाडीवरच भागवा.

इथपर्यंत दोन तारे ठरले होते. मग टोप्या फेकल्या आणि पायांखाली सुती फडक्याच्या घड्या ठेवल्या. पुलर ढिम्म हलत नाही, डागही नाही. शिवाय स्क्रूचे आटे बारीक आहेत, त्यामुळे ओढ सावकाश आणि सरळ लागते. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की जोर एकाच बाजूला येतो, शाफ्ट वाकतो. फारच अडलं तर रात्री शाफ्टवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब आणि सकाळी जरा हेअर ड्रायर. ट्रान्झिस्टरच्या साध्या प्लास्टिकला मात्र ड्रायर नको, मऊ पडतं.

तीन तारे. नव्या टोप्यांचा जोड विक्रेता १८० रुपयांना विकतोय. फडकं घरातलंच होतं.