पूर्ण फर्लो की अर्धवेळ फर्लो?

फर्लो म्हणजे करोनाकाळात नोकरी कायम ठेवून कामगाराला घरी बसवायचं आणि पगाराचा मोठा भाग सरकारने द्यायचा, अशी ब्रिटनमधली योजना; ती २०२१ मध्ये संपली. लंडनच्या हॉटेलात काम करणाऱ्या एका भाच्याचा २०२० मधला प्रश्न: १ जुलैपासून अर्धवेळ फर्लो सुरू होतोय, मालक 'निम्मे दिवस ये' म्हणतोय. जावं, की पूर्ण फर्लोवरच राहावं?

आधी पैसे. पगार महिना २००० पौंड धरा. पूर्ण फर्लोत तेव्हा ८० टक्के मिळायचे, म्हणजे १६०० (कमाल मर्यादा २५००). निम्मे तास काम केलं तर त्याचे पूर्ण १००० मालक देणार होता, उरलेल्या तासांचे ८०० योजनेतून, एकूण १८००. कर दोन्हीकडे कापला जाणारच होता.

खरी मेख कामाच्या नियमात होती. पूर्ण फर्लोत मालकासाठी कमाई होईल असं काहीही करता येत नव्हतं. 'जरा दोन ईमेल बघ' हेसुद्धा कामच, मालक कितीही गोड बोलला तरी! प्रशिक्षण चालायचं. दुसरीकडे नोकरीही चालायची, करारात मनाई नसेल तर. व्हिसावर असेल त्याने त्याच्या अटी वेगळ्या तपासायच्या. फर्लोचं अनुदान मात्र व्हिसाच्या दृष्टीने सरकारी मदतीत मोजलं जात नव्हतं.

अर्धवेळमध्ये ठरलेल्या तासांत काम, बाकीच्या तासांत तीच बंदी होती. म्हणून तास लेखी ठरवून घेणं आणि स्वतःही टिपून ठेवणं गरजेचं होतं.

दुसरी नोकरी हाताशी असेल किंवा घरी लहान मूल सांभाळायचं असेल, तर पूर्ण फर्लो बरा होता. भाच्याकडे यातलं काही नव्हतं. त्याने निम्मे दिवस जावं, हेच माझं उत्तर होतं.