सुपर व्हिसासाठी गावातला सल्लागार: कागद जमवण्यात अव्वल, अर्ज भरण्यात काठावर पास

कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी आम्हा दोघा नवरा-बायकोचे अर्ज तयार करून देण्याबद्दल रत्नागिरीतील एका व्हिसा सल्लागाराला आम्ही 36,000 रुपये दिले. व्हिसा मिळाला, तेव्हा आता तक्रारीला जागा उरली नाही, असे आमच्या परिचितांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण ज्या अर्जावर व्हिसा मिळाला तो अर्ज शेवटी सल्लागारांनी भरलेला नव्हता. त्यांचे नाव येथे मुद्दाम देत नाही. त्यांच्या कामातले जे गुण आणि जे दोष मी पाहिले, तेच चिपळूणपासून कुडाळपर्यंतच्या ओळखीच्या लोकांनी आपापल्या सल्लागारांबद्दल जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले आहेत, आणि हे लिहिण्यामागे कोणा एकाचे दुकान बसवण्याचा हेतू नाही.

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. मुलगी, जावई आणि दोन वर्षांची नात कॅनडात असतात. साध्या पर्यटक व्हिसावर तिथे एका खेपेस साधारणपणे सहा महिने राहता येते. सुपर व्हिसा हा कॅनडाच्या नागरिकांच्या किंवा कायम रहिवाशांच्या आई-वडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी आहे. तो 2011 च्या डिसेंबरात सुरू झाला, आणि पूर्वी त्यावर एका प्रवेशात दोन वर्षे राहता येत असे, ती मुदत 2022 पासून पाच वर्षे झाली आहे. तो दहा वर्षांपर्यंतचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो. आमच्यासारख्या पेन्शनवर जगणाऱ्या आणि बाग कराराने देऊन मोकळ्या झालेल्या माणसांना तो सोयीचा आहे. मात्र त्याचे कागद साध्या व्हिसाच्या दुप्पट आहेत: मुलीचे निमंत्रणपत्र, त्यात आमचा खर्च उचलण्याची लेखी हमी, तिच्या उत्पन्नाचा पुरावा, आमच्या नात्याचा पुरावा, कॅनडा सरकारच्या यादीवरील डॉक्टरांकडून तपासणी आणि किमान एक वर्षाचा वैद्यकीय विमा. बोटांचे ठसे देण्यासाठी आणि वैद्यकीय तपासणीसाठी आम्हाला मुंबई गाठावी लागणार होती, म्हणून बाकीचे तरी गावातच उरकावे या विचाराने आम्ही सल्लागाराकडे गेलो.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखरच चांगले होते. आमच्याकडची पहिली बाळंतपणे माहेरी होतात, त्यामुळे मुलीच्या जन्माची नोंद रत्नागिरीत नसून देवगड तालुक्यातील एका ग्रामपंचायतीत आहे. ती नोंद माझ्या सासऱ्यांनी केली आणि आईच्या रकान्यात त्यांनी लेकीचे माहेरचेच नाव घातले. पत्नीचे लग्नात बदललेले नाव तिच्या पासपोर्टवर, माहेरचे नाव मुलीच्या दाखल्यावर, आणि मुलीच्या स्वतःच्या पासपोर्टवर तिचे सासरचे आडनाव, अशी तीन नावांची साखळी कॅनडातील अधिकाऱ्याने कशी जुळवायची, हा प्रश्न मला सुचलाही नव्हता. सल्लागारांनी तो पहिल्या बैठकीतच, चहा येण्यापूर्वी, काढला. त्यांचा माणूस देवगडला जाऊन दाखला घेऊन आला. आमचे लग्न कधी नोंदवलेलेच नव्हते, तेव्हा ग्रामसेवकाकडे 1998 च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली उशिराची नोंद करून घेण्याचे कामही त्यांनी तिघा साक्षीदारांसह एका दिवसात उरकले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि मुलीच्या विवाहाचा दाखला जोडल्यावर साखळी पूर्ण झाली. पेन्शनचा आदेश, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या हे सारे स्वच्छ स्कॅन करून, फाइलींना नीट नावे देऊन त्यांनी पेन ड्राइव्हवर दिले. एवढ्या कामाचे वेगळे 15,000 रुपये मागितले असते तरी मी आनंदाने दिले असते.

भाषांतरापासून मात्र गाडी घसरू लागली. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर लागते, ते अर्जदाराने किंवा त्याच्या नातलगाने केलेले चालत नाही, आणि भाषांतरकार अधिकृत नसेल तर त्याचे शपथपत्र जोडावे लागते. मी स्वतः तीस वर्षे इंग्रजी शिकवले असूनही माझ्या भाषांतराचा उपयोग नव्हता, म्हणून सल्लागारांच्या 'नेहमीच्या' भाषांतरकाराकडे सातबारा गेला. परत आलेल्या इंग्रजी प्रतीत आमच्या सामाईक खात्यातील अठरा हिस्सेदारांची नावे ठीक उतरली होती, पण 'पोटखराबा' या रकान्याचे भाषांतर 'स्टमक डिसऑर्डर' असे होते. गट क्रमांकातील लागवडीस अयोग्य जमिनीला पोटखराबा म्हणतात हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. भाषांतरकाराने बहुधा मोबाइलला विचारले आणि मोबाइलने डॉक्टरी दृष्टीने उत्तर दिले. वैद्यकीय तपासणी सक्तीची असलेल्या अर्जात माझ्या जमिनीला साडेचार गुंठे पोटाचा विकार आहे, असे नोटरीच्या शिक्क्यासह लिहून गेले असते. कागद परत पाठवला आणि दुरुस्त होऊन आला, पण तो वाचून पाहण्याची तसदी आमच्याआधी कोणीही घेतली नव्हती.

त्यानंतर बिलात 'अॅपोस्टिल, चार कागद' अशी 8,000 रुपयांची ओळ आली. अॅपोस्टिल म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकारकडून घ्यायचे साक्षांकन. परराष्ट्र मंत्रालयाचे शुल्क कागदामागे 50 रुपये आहे. त्यात मध्यस्थ संस्थेचे शुल्क आणि त्याआधी राज्याच्या मंत्रालयातून करून घ्यायच्या साक्षांकनाचा खर्च धरला तरी 8,000 होत नाहीत, पण तो मुद्दा वेगळा. सुपर व्हिसाच्या कागदांच्या यादीत अॅपोस्टिल मुळात मागितलेलेच नाही. हे दाखवल्यावर 'सर, असलेले बरे, अधिकाऱ्यावर छाप पडते' असे उत्तर मिळाले. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांचे कागद ते वर्षानुवर्षे साक्षांकित करून देत आले आहेत, आणि खेड-चिपळूणकडच्या त्यांच्या ग्राहकांना ती गरज खरीच असते. तीच पद्धत कॅनडालाही लावून टाकली, एवढेच. मी पैसे द्यायचे नाकारले आणि त्यांनी फार ताणले नाही.

खरा प्रश्न अर्जाचा होता, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. मी भरलेला फॉर्म पाठवण्यापूर्वी वाचायला मागितला. 'ते आम्ही ऑनलाइन करतो, प्रिंट निघत नाही' असे आधी सांगण्यात आले. मग 'आजवर कोणी मागितला नाही' असे सांगण्यात आले, आणि दोन दिवसांनी, माझा चेहरा पाहून असेल, संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवण्यात आला. अर्जातील ईमेल त्यांचा होता, मोबाइल क्रमांकही त्यांचाच. म्हणजे कॅनडाकडून काही विचारणा आली असती तर ती आम्हाला त्यांच्याकडूनच, त्यांना सवड झाल्यावर कळली असती. प्रतिनिधी नेमला आहे का, या प्रश्नाला उत्तर 'नाही' असे होते. पैसे घेऊन अर्जदाराच्या वतीने काम करणारी व्यक्ती कॅनडातील परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार किंवा वकील असावी लागते आणि तिचे नाव आयएमएम 5476 या फॉर्मवर द्यावे लागते, असा तिथला नियम आहे. आमचे सल्लागार या दोहोंपैकी कोणीच नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःला अर्जातून अदृश्य केले होते, आणि त्या अदृश्यतेची जबाबदारी मात्र सही करणाऱ्या आमच्या माथी येणार होती.

याहून गंभीर गोष्ट पुढच्या पानावर होती. कॅनडाने किंवा अन्य कोणत्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का, असा थेट प्रश्न अर्जात असतो. मला 2014 मध्ये अमेरिकेचा पर्यटक व्हिसा नाकारला गेला होता, आणि हे मी पहिल्याच बैठकीत सांगितले होते. अर्जात 'नाही' वर खूण होती. विचारल्यावर ते म्हणाले, 'ती अमेरिकेची गोष्ट, सर. कॅनडाला कशाला सांगायची? उगाच संशय येतो.' त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. आपल्या गिऱ्हाइकाचे भले करतो आहोत अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण कॅनडाच्या कायद्यात चुकीची माहिती देणाऱ्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते, आणि नकार आपणहून सांगितल्याने मात्र अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. नात सात वर्षांची होईपर्यंत तिला फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहायची, ही शिक्षा एका खुणेपायी ओढवली असती.

त्या दिवशी फाइल घेऊन घरी आलो. आमचे स्वतःचे ऑनलाइन खाते उघडले आणि मुलीबरोबर व्हिडिओ कॉलवर तीन रात्री बसून दोन्ही अर्ज स्वतः भरले. ते काम वाटले होते तेवढे कठीण नव्हते. नोकरीचा आणि राहण्याच्या पत्त्यांचा इतिहास महिन्यांसकट आठवायला वेळ लागला, बाकी प्रश्न साधे होते. शुल्क मुलीने कार्डावर भरले: प्रत्येकी 100 कॅनेडियन डॉलर, आणि बायोमेट्रिकचे, म्हणजे ठसे व फोटोचे, दोघांचे मिळून 170.

विम्याच्या बाबतीतही सल्लागारांच्या भरवशावर राहिलो नाही ते बरे झाले. त्यांच्याकडे टेबलावरच एक स्वस्त प्रवास विमा होता. सुपर व्हिसासाठी किमान 1,00,000 कॅनेडियन डॉलरचे संरक्षण, प्रवेशाच्या तारखेपासून किमान एक वर्षाची मुदत, आणि उपचार, रुग्णालय व मायदेशी परत पाठवणी या तिन्हींचा समावेश असावा लागतो. नुसते दरपत्रक चालत नाही, पूर्ण हप्ता किंवा हप्त्यांचा करार आणि भरलेली रक्कम दाखवावी लागते. कॅनडाबाहेरच्या विमा कंपन्यांना 2025 पासून मुभा मिळाली आहे, पण त्या तिथल्या नियामकाने मान्य केलेल्या असाव्या लागतात, आणि टेबलावरच्या पॉलिसीवर तसा उल्लेख नव्हता. मुलीने तिथल्या कंपनीची पॉलिसी काढली. ती महाग आहे, मला मधुमेह असल्याने आणखी महाग, आणि औषधाची मात्रा ठरावीक काळ बदललेली नसेल तरच त्या आजाराचा खर्च मिळतो, अशी अट बारीक अक्षरांत आहे. ज्यांना रक्तदाब किंवा साखर आहे त्यांनी हा परिच्छेद भिंग घेऊन वाचावा. मुलीच्या उत्पन्नाचे गणित करताना कुटुंबात आम्हा दोघांनाही धरावे लागते, म्हणजे तिघांचे पाच होतात, आणि तेवढ्या माणसांसाठी ठरलेली किमान उत्पन्नाची मर्यादा गाठण्यासाठी जावयांनी सहस्वाक्षरी केली, हेही सल्लागारांकडून नव्हे, मुलीकडून कळले.

मुंबईची फेरी सुरळीत झाली. रात्रीच्या कोकणकन्येने निघालो, पहाटे उतरलो, सकाळी यादीवरील डॉक्टरांकडे छातीचा एक्स-रे आणि रक्त-लघवी तपासणी झाली आणि दुपारी ठसे. अडले ते एकाच ठिकाणी. आदल्या आठवड्यात सौभाग्यवतींनी जावेबरोबर दोन पायली ओले काजू सोलले होते आणि चिकाने बोटांची साले निघाली होती. यंत्र त्यांचे ठसे घेईना. केंद्रातील मुलीने न कंटाळता बोटे पुसून, ओलसर करून सात-आठ वेळा प्रयत्न केला तेव्हा चारही बोटे लागली. बायोमेट्रिक दहा वर्षे चालते, तेव्हा पुन्हा ही वेळ येणार नाही, पण चैत्र-वैशाखात जाणाऱ्यांनी काजूला हात लावू नये, ही सूचना कोकणातल्या सल्लागाराने द्यायला हवी होती. ती कॅनडाच्या संकेतस्थळावर कशी सापडेल?

सव्वातीन महिन्यांनी होकार आला आणि पासपोर्टवर शिक्का उमटला. सल्लागारांना 36,000 पैकी 20,000 आगाऊ दिले होते, आणि त्यांच्या आग्रहास्तव बाकीचेही मी अर्ज स्वतः भरण्याआधीच दिले, ही माझी चूक. व्हिसा दाखवायला गेलो तेव्हा अर्ज भरण्याचे धरलेले 12,000 परत करावेत असे मी म्हटले. त्यांनी पेढा घेतला, 5,000 परत केले आणि भिंतीवर लावण्यासाठी आमच्या दोघांचा फोटो मागितला. दाखले, नोंदी आणि प्रतिज्ञापत्रे यांसाठी मी त्यांच्याकडे पुन्हा जाईन आणि इतरांनाही पाठवीन, पण अर्जाच्या पानाला त्यांना हात लावू देणार नाही. पाचपैकी तीन गुण देतो, त्यांतला एक संपूर्णपणे देवगडला गेलेल्या त्या मुलाचा. तिकिटे अनंत चतुर्दशीनंतरची काढली आहेत. फोटो अजून दिलेला नाही.